डायलिसिसवाल्या बाई

बाई कुणाच्या पाया पडायला वाकल्या की घरातल्या म्हाताऱ्यांना भरून यायचं. इतकी वर्षं पुण्यात नोकरी केली, पण मोठ्यांचा मान विसरली नाही, असं त्यांना वाटायचं. खरी गोष्ट वेगळी होती. वाकल्यावर बाईंचा हात पावलांवर थांबायचा नाही. तो घोट्याच्या वर सरकायचा आणि अंगठा नडगीवर दाबला जायचा. मग त्या तशाच वाकून पाहत राहायच्या, की अंगठ्यानं पडलेला खड्डा भरून येतो का. भरून आला तर आशीर्वाद घेऊन उठायच्या. नाही आला तर खालूनच विचारायच्या, "काका, लघवी किती होते हो तुम्हाले?"

माझ्या मामांना त्यांनी हा प्रश्न भर मांडवात विचारला. देऊळघाटच्या रस्त्यावर आमच्या नात्यातलं लग्न होतं. मामा फेटा बांधून, पुढच्या सोफ्यावर, व्याह्यांच्या शेजारी बसलेले. मामा ताडकन म्हणाले, "हे काय इचारनं झालं काय, बाई? अक्षता पडू द्या तं!" बाई अजिबात ओशाळल्या नाहीत. "अक्षता पडू द्या," त्या म्हणाल्या, "पण सोमवारी रक्त तपासून घ्या. आणि ते लोणचं ठेवा बाजूला."

मामांनी महिनाभर कुरकुर केली आणि मग तपासून घेतलं. साखर होती, आणि मूत्रपिंडाला नुकताच धक्का लागायला सुरुवात झाली होती. वेळेत कळलं म्हणून निभावलं. मामा आजही आहेत, आणि बाईंचा विषय निघाला की आजही चिडतात.

त्या लग्नात बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं. नंतर आमचा संबंध आला तो पाण्यामुळे. माझा चिखलीत खामगाव रोडला थंड पाण्याच्या जारचा धंदा आहे. एके दिवशी बाई प्लॅन्टवर आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात बांगडी नाही, फक्त घड्याळ. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं पाणी कसं हाय?"

मी म्हटलं, "ताई, एक नंबर. लोक म्हणतात, गोड लागते."

"मले गोड नको. ज्यात काहीच नाही असं पाणी पाहिजे."

असं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. मग त्यांनी मला बसवून समजावलं. डायलिसिसच्या यंत्रात माणसाचं रक्त एका बाजूनं जातं आणि पाणी दुसऱ्या बाजूनं. मध्ये फक्त पातळ पडदा. रक्तातली घाण त्या पडद्यातून पाण्यात उतरते. पण पाण्यातच काही असलं, तर ते रक्तात चढतं. "आपण पितो ते पाणी पोटात जाते, पोट सांभाळून घेते," बाई म्हणाल्या. "हे डायरेक्ट रक्ताच्या शेजारून जाते. तिथं सांभाळून घेणारं कोणी नसते."

त्या दिवसापासून त्यांच्या सेंटरच्या पाण्याचं काम माझ्याकडे आलं.

बाईंचं माहेर उंद्रीच्या पलीकडच्या एका लहान गावातलं. बौद्ध कुटुंब. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. बाई शिकल्या, नर्स झाल्या, पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात डायलिसिसच्या विभागात लागल्या आणि तिथंच त्यांचे केस पिकले. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ड्युटी लागेल तशी असते, कोण करून घेईल?" आणि विषय बदलायच्या.

त्यांचे थोरले भाऊ गावातच राहिले. थोडी शेती आणि बॅन्डमध्ये क्लॅरनेट. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या क्लॅरनेटशिवाय गाडी पुढं सरकायची नाही म्हणे. त्यांची मूत्रपिंडं गेली. आपल्याकडे तेव्हा जवळपास सोय नव्हती, जिथं यंत्रं होती तिथं पाळी लवकर लागायची नाही. म्हणून ते पहाटे निघून एसटीनं शहर गाठायचे, चार तास यंत्रावर पडायचे आणि अंधार पडता पडता परत यायचे. आठवड्यातून दोनदा. बहिणीनं पुण्याला चल म्हटलं, तर बायको-पोरं, बैल सोडून यायला तयार नाहीत. एका सकाळी ते स्टँडवर गेले, गाडी लागलेली पाहिली आणि पायीच घरी परत आले. बहिणीला फोन केला, "बाई, मले मशीनचा नाही, गाडीचा थकवा आला." त्यानंतर ते गेलेच नाहीत. आणि थोड्याच दिवसांत खरेच गेले.

हे सगळं बाईंनी मला एकदाच सांगितलं, पाण्याची टाकी धुता धुता. "मी तिकडं दुसऱ्याच्या भावाले सुया टोचत होते," एवढं म्हणून त्यांनी ब्रश पुन्हा घासायला घेतला.

तर बाईंनी पुण्याची नोकरी सोडली, फंडाचं जे मिळालं ते घेतलं, वर बँकेचं कर्ज काढलं आणि चिखलीत सेंटर टाकायचं ठरवलं. त्या काळात आमच्याकडे नव्या उद्योजकांसाठी एक मेळावा झाला होता. बँकेच्या साहेबांनी बाईंना बोलावलं. मला त्या सोबत घेऊन गेल्या. वक्ता शहरातून आलेला, कोट घातलेला, पडद्यावर चित्रं दाखवत होता. ग्रामीण आरोग्य ही केवढी मोठी संधी आहे, मागणी किती आणि पुरवठा किती कमी, हे त्यानं फार छान समजावलं. मलाही क्षणभर वाटलं, जारचा धंदा सोडून दवाखानाच टाकावा. डायलिसिसचं नाव घेऊन तो म्हणाला, "या क्षेत्रात ग्राहक एकदा आला की तो आयुष्यभर तुमचाच!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हे मात्र खरं बोलला. आयुष्यभर म्हंजे किती, ते याले माहीत नसंल."

सेंटर माझ्या प्लॅन्टच्या पलीकडच्या हॉलमध्ये सुरू झालं. तीन यंत्रं, तीही वापरलेली. शहरातले एक मूत्रपिंडाचे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा यायचे, बाकी दिवस फोनवर. गावातले एक एमबीबीएस डॉक्टर रोज चक्कर मारायचे. उद्घाटनाला बाईंनी कुणा पुढाऱ्याला बोलावलं नाही. बुद्धवंदना झाली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट आला, तो देऊळघाटचा मण्यारचाचा.

चाचा आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचे. पायाला सूज आली तरी बाजार चुकवत नव्हते. बाईंचे मोकळे हात त्यांना पहिल्या दिवसापासून खुपायचे. "बेटी, इत्ता अच्छा हाथ और खाली? मेरेकू तो देखके शरम आती." बाई म्हणायच्या, "चाचा, बांगडी घालून सुई टोचली तं तुमच्याच रक्तात काच जाईल." चाचा लगेच हात आखडून घ्यायचे.

दुसरे एक गुरुजी होते, हिवरा आश्रमकडून यायचे, निवृत्त. यंत्राला जोडलेला एक हात स्थिर ठेवून दुसऱ्या हातानं वर्तमानपत्र धरायचे आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोठ्यानं वाचायचे. चाचांना टीव्हीवर कव्वाली हवी असायची. चार तास यांचं भांडण. बाई कधी गुरुजींच्या बाजूनं, कधी चाचांच्या. मला वाटतं त्या मुद्दाम भांडण विझू द्यायच्या नाहीत. भांडणात चार तास निघून जातात.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. मूत्रपिंड काम करत नाही, मग प्यालेलं जायचं कुठं? ते अंगात साठतं, छातीत चढतं. म्हणून बाई प्रत्येकाला आल्याबरोबर काट्यावर उभं करायच्या. काटा पुढं गेलेला दिसला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "खरं सांगा, मी रागवत नाही."

आणि खरं सांगितलं की अशा रागवायच्या की माझ्या प्लॅन्टवरची पोरं जार भरायचं थांबवून ऐकायची.

"चाचा, खरं सांगा, मी रागवत नाही. काय पिलं?"

"कुछ नहीं बेटी. अल्ला कसम, पानी का एक घूंट नहीं."

"मंग हे वजन कुठून आलं?"

"थोडा टरबूज खाया."

"टरबूज!" हॉल हादरला. "टरबूज म्हंजे काय दगड असते काय? पाणीच असते ना ते!"

"पिया नहीं ना लेकिन, खाया," चाचा शांतपणे म्हणाले. गुरुजींनी वर्तमानपत्राआडून सांगितलं, "व्याकरणदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे." बाई रागानं बाहेर आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहून, तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

एकदा दुपारी लाइट गेली. आमच्याकडे लाइट जाणं ही बातमी नाही. पण त्या दिवशी जनरेटरही चालू होईना. यंत्रांच्या आतल्या बॅटऱ्या जुन्या, लगेच बसल्या. माणसाचं रक्त नळ्यांमध्ये बाहेर असताना यंत्र थांबलं तर ते गोठतं. मी ओरडा ऐकून धावलो. बाईंनी यंत्राचा पंप उघडून त्याला लहानसं हॅन्डल लावलं होतं आणि हातानं फिरवत होत्या. त्यांची एक शिकाऊ मुलगी दुसऱ्या यंत्रावर. तिसरं यंत्र फिरवायला माणूस नव्हता. "भाऊ, इकडं या. सावकाश फिरवा. घाई करू नका, थांबू नका."

मी गुरुजींचं रक्त फिरवत होतो. गुरुजी माझ्याकडे न पाहता छताकडे पाहत होते. आणि पलीकडून चाचांचा आवाज आला, "क्या बेटी, रसवंती खोली क्या?" सगळे हसलो. नंतर तिन्ही माणसांचं रक्त त्यांच्या त्यांच्या अंगात परत गेलं, तेव्हा बाई खुर्चीत बसल्या, आणि मी पाहिलं, त्यांचा उजवा हात अजून हवेत तसाच फिरत होता. त्यांनी तो डाव्या हातानं धरून मांडीवर ठेवला.

हे सांगताना मला वाटतं, ते दिवस चांगले होते. सेंटर चालत होतं. माणसं सकाळी येत आणि दुपारी घरी जाऊन जेवत. उंद्रीकडची एक बाई तर डायलिसिस करून जाताना बाजार करून जायची. एवढंच हवं होतं बाईंना.

पण धंदा म्हणून ते कधी उभंच राहिलं नाही. का, ते तुम्हाला थोडक्यात सांगतो.

गरीब माणसाचं डायलिसिस सरकारी योजनेत बसतं. पण त्यासाठी सेंटरचं नाव योजनेत असावं लागतं. बाईंनी अर्ज केला. तपासणीला माणसं आली, पाणी पाहिलं, यंत्रं पाहिली, चांगलं म्हणाली. मग पूर्णवेळ डॉक्टर हवा असं निघालं. मोठ्या शहरात ज्याला पाहिजे ते मिळतं तो डॉक्टर चिखलीत पूर्णवेळ कशाला येईल? बाईंनी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की विचाराधीन आहे. ते विचाराधीनच राहिलं.

तोवर पेशंटला खिशातून द्यावं लागायचं. बाई जमेल तेवढं कमी घ्यायच्या. पण कमी म्हणजे किती कमी करणार? औषध, फिल्टर, लाइटबिल, सगळं शहराच्याच भावानं येतं. मग माणसं आपल्या मनानं फेऱ्या कमी करायची. आठवड्यात दोनदाच्या जागी एकदा. शेतात काम होतं, पाहुणे आले होते, गाडी मिळाली नाही. बाईंना कळायचं. तेव्हा मात्र त्या "खरं सांगा" म्हणायच्या नाहीत.

मुलींचं तर विचारूच नका. बाईंनी आसपासच्या गावातल्या मुली घेतल्या, हात धरून शिकवलं. सुई कशी टोचायची, रक्तदाब पडला तर काय करायचं, घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं. मुलगी तयार झाली की शहरातून बोलावणं यायचं. तिथला पगार बाईंना देणं शक्य नव्हतं. प्रत्येक मुलीला त्यांनी पेढे देऊन निरोप दिला. शेवटची गेली तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊ, मी सेंटर चालवून राह्यली का शाळा?" आणि दुसऱ्या दिवसापासून तिन्ही यंत्रांवर एकट्याच उभ्या राहू लागल्या.

मग शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यानं योजनेत फुकट डायलिसिस सुरू केलं. नुसतं फुकट नाही. त्यांची पांढरी गाडी गावोगाव फिरायची, पेशंटला घरून न्यायची आणि घरी आणून सोडायची. पंधरा दिवसांनी चिखलीला येणारे डॉक्टरही तिकडंच लागले. त्यांनी बाईंना फोन करून सांगितलं, आता येणं जमणार नाही.

बाईंनी काय केलं असेल? त्यांनी आपल्या सगळ्या पेशंटांना बोलावून सांगितलं की तिकडं जा.

मी त्या दिवशी चिडलो. म्हटलं, "ताई, तुम्ही आपल्या हातानं धंदा बुडवून राह्यल्या. एवढं कर्ज डोक्यावर हाय."

"आठवड्यात दोनदा होते तिकडं, भाऊ. माझ्याकडे एकदाच करत होते ते," त्या म्हणाल्या. "फुकट जगत असतील तं मी काऊन अडवू?"

चाचा मात्र अडून बसले. "मैं नहीं जाता. इधरच करूंगा." बाईंनी त्यांना दटावून गाडीत बसवलं. गाडीच्या खिडकीतून चाचा ओरडले, "उधर कव्वाली लगाते क्या, पूछना भूल गया!" गाडी वळेपर्यंत बाई रस्त्यावर उभ्या होत्या.

हॉल रिकामा झाला. बँकेचा तगादा सुरू झाला. काही महिने बाईंनी वाट पाहिली, योजनेचा कागद येईल म्हणून. नाही आला. मग यंत्रं विकली. बाहेरगावचा व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि ज्या भावात घेतली होती त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या भावात घेऊन गेला. सेंटरचा पाण्याचा प्लॅन्ट तेवढा राहिला, कारण तो कुणाला नको होता.

आणि पावसाळा संपता संपता ती पांढरी गाडी यायची थांबली.

कुणी म्हणे सरकारकडून दवाखान्याचे पैसे अडकले, कुणी म्हणे दवाखान्यालाच ते परवडेना. खरं काय ते आपल्यापर्यंत पोचत नाही. आधी गाडी बंद झाली, मग योजनेतल्या जागा कमी झाल्या. ज्यांची जागा राहिली त्यांनी आपलं आपण यावं, असं सांगण्यात आलं. एवढं सांगून दवाखाना मोकळा झाला. तिथं कुणी वाईट वागलं असंही नाही.

पेशंट परत बाईंकडे आले. सकाळी मी प्लॅन्ट उघडायला आलो तर हॉलच्या पायरीवर गुरुजी, चाचा आणि आणखी दोघं-तिघं बसलेले. बाईंनी शटर वर केलं. आत तीन खाटा होत्या आणि भिंतीवर यंत्रांच्या जागी चौकोनी डाग. गुरुजी आत जाऊन आपल्या नेहमीच्या खाटेवर बसले आणि थोड्या वेळानं उठले.

त्या आठवड्यात बाईंनी जीव तोडून पळापळ केली. भाड्यानं एक तरी यंत्र मिळतं का म्हणून सगळीकडे फोन. मी सेंटरचा पाण्याचा प्लॅन्ट उघडून पाहिला. बंद राहिल्यानं आतले पाणी गाळणारे पडदे वाळून गेले होते, त्यातून आता कसलंच भरवशाचं पाणी निघणार नव्हतं. मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "पाहा ना एकदा अजून." मी अजून एकदा पाहिलं. बँकेनं नवं कर्ज द्यायला नकार दिला. एकदा बुडालेल्याला पुन्हा कोण देतो? एकेकाळी त्यांना मेळाव्याला बोलावणारे साहेब बदलून गेले होते.

मग बाईंनी एकच गोष्ट केली, जी त्यांच्या हातात होती. त्या आपल्या पेशंटांना घेऊन एसटीनं शहरात जायला लागल्या. सकाळच्या गाडीत खिडकीजवळची जागा धरायची, चाचांना बसवायचं, वाटेत उलटी झाली तर पिशवी धरायची, तिथं रांगेत उभं राहायचं. याच रस्त्यानं त्यांचे भाऊ जात होते. मी एकदा म्हटलं, "ताई, तुमच्यानं किती दिवस होईल हे?" त्या म्हणाल्या, "त्यांच्यानं होईल तोवर."

गुरुजींना त्यांचा मुलगा पुण्याला घेऊन गेला. निघताना गुरुजी भेटायला आले होते. नंतर त्यांची काही खबर आली नाही.

चाचांनी थंडीत जाणं थांबवलं. एक दिवस स्टँडवर आले नाहीत. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, मोटरसायकल काढा." आम्ही देऊळघाटला गेलो. चाचा ओसरीत बाजेवर बसले होते, चेहरा सुजलेला, श्वास तोंडानं चाललेला. बाजूला बांगड्यांची पेटी. आम्हाला पाहून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं.

बाई त्यांच्या पायाशी बसल्या. "चाचा, चला. मी आली ना."

"बेटी, मशीन की बात नहीं," चाचा म्हणाले. "अब गाडी का धक्का सहा नहीं जाता."

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या आता रागावतील, ओरडतील, घरातल्यांना बोलावतील. त्यांनी काहीच केलं नाही. बोलून बोलून माणसाला गाडीत बसवता येतं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. त्या दिवशी त्यांनी चाचांवर तेवढी जबरदस्ती केली नाही.

चाचांनी पेटी पुढं ओढली. "हाथ दे." बाईंनी हात दिला. मण्यार बांगडी भरताना जसा हात दाबून माप घेतो, तसा चाचांनी तो अंगठ्याखाली दाबून पाहिला, आणि हिरव्या काचेच्या बांगड्या एकेक करून चढवल्या. त्यांच्या हातात ताकद नव्हती, पण एकही बांगडी तडकली नाही. दुसऱ्या हातालाही तितक्याच. मग म्हणाले, "अब ठीक दिखता."

येताना मोटरसायकलवर माझ्यामागं त्या बांगड्या सारख्या वाजत होत्या. चाचा त्या आठवड्यातच गेले.

बाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. कर्ज फेडायला पगार हवा होता, आणि पगार पुण्यातच होता. जुन्या दवाखान्यानं घेतलं नाही, वय झालं म्हणून. दुसऱ्या एका ठिकाणी, कमी पगारावर, घेतलं. जायच्या दिवशी त्यांनी हॉल स्वतः धुऊन काढला. मी म्हटलं, "ताई, मालक धुऊन घेईल." त्या म्हणाल्या, "रक्ताचे डाग हायेत भाऊ, दुसऱ्याले किळस येईल." किल्ली माझ्याकडे दिली. मी स्टँडवर सोडायला येतो म्हटलं तर नको म्हणाल्या. पिशवी खांद्याला लावून पायीच गेल्या.

सुरुवातीला मी जयंतीला, दिवाळीला फोन करायचो. एकदा त्यांनी उचलला. मी पेशंटांचं काही सांगायला लागलो तर म्हणाल्या, "भाऊ, ते नका सांगू आता." मग इकडचं-तिकडचं बोललो. नंतर नंबर बदलला असावा. लागत नाही.

हॉलमध्ये आता बिछायत केंद्राचं सामान असतं. लग्नकार्याला भाड्यानं द्यायच्या खुर्च्या, पातेली, गाद्या.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, एक नवरा-बायको माझ्या प्लॅन्टसमोर उभे राहिले. नवरा तिशीतला असेल, पण भिंतीला हात टेकून चालत होता. बायकोनं विचारलं, "भाऊ, ते डायलिसिसवाल्या बाई कोठी बसतेत?"

मी म्हटलं, "त्या गेल्या पुण्याले. सेंटर बंद झालं."

"आमाले तं सांगतलं, चिखलीत एक बाई हाय म्हनून. लय रागवते म्हने, पन करते." तिनं बिछायतवाल्याच्या शटरकडे पाहिलं. "कवा येतीन?"

"येनार नाहीत आता."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग नवऱ्याला म्हणाली, "बसा जरा. गाडीले टाइम हाय." दोघं माझ्या सावलीत बसले. उन्हातून आलेल्या माणसाला द्यावं म्हणून मी सवयीनं दोन गिलास भरून पुढं केले. तिनं एकच उचलला.

"त्याहिले नाई चालत," ती हळू म्हणाली. "आजचं झालं त्याहिचं."

नवरा रस्त्याकडे पाहत होता. तिनं पदर पुढं ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि घोटाचा आवाज होऊ नये अशा बेतानं, हळूहळू, ती ते पाणी प्यायली.